इमारत जपायची तर आधी तिला काम द्या

मुंबई उच्च न्यायालय वांद्र्याला जाणार, हे आता ठरलं आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये वांद्रे पूर्वेला नव्या संकुलाची कोनशिला बसली. वकिलांना गाडी लावायला जागा मिळेल, पक्षकारांना टेकायला बाकं मिळतील, न्यायाधीशांना पुरेशी दालनं मिळतील. फोर्टातल्या जुन्या इमारतीत यातलं काहीच पुरेसं नाही. भर दुपारी फाइलींचे गठ्ठे छातीशी धरून तिथले जिने चढणारा कुठलाही कारकून या स्थलांतराला विरोध करणार नाही, आणि मीही करत नाही. माझा प्रश्न मागे राहणाऱ्या इमारतीचा आहे. ओव्हल मैदानासमोर 1878 पासून उभ्या असलेल्या त्या काळ्या दगडाच्या वास्तूचं पुढे काय करायचं, हा विषय काढला की बहुतेकांच्या तोंडून एकच उत्तर येतं: संग्रहालय करा. हे उत्तर मला आळशी वाटतं आणि थोडं धोक्याचंही.

जुनी इमारत टिकायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात. छत गळलं की ज्याचं काम अडतं, असा कुणीतरी तिथे रोज असावा लागतो. आणि ते छत दुरुस्त करून घेण्याचा पैसा आणि अधिकार त्याच्या हातात, निदान त्याच्या आवाक्यात असावा लागतो. गेल्या तीस वर्षांत मुंबईत वारशाच्या नावाने बरंच काही झालं. याद्या झाल्या, श्रेण्या लागल्या, समित्या बसल्या, युनेस्कोचे मान मिळाले, दर राष्ट्रीय सणाला तिरंगी रोषणाई होऊ लागली. या सगळ्यात त्या दोन गोष्टींकडे मात्र फार कमी लक्ष गेलं.

फोर्टातल्या इमारतींचा इतिहास जरा निवांत वाचला तर लक्षात येतं की त्यांनी पाट्या बदलत बदलतच दीड शतक काढलं आहे. 1874 साली बांधून झालेल्या सचिवालयातून मुंबई इलाख्याचा कारभार चालायचा. 1955 मध्ये सरकार आजच्या मंत्रालयाच्या इमारतीत गेलं आणि जुन्या सचिवालयात शहर दिवाणी व सत्र न्यायालय आलं. रीगल सिनेमासमोरच्या चौकात पोलीस महासंचालकांचं कार्यालय आहे ना, ती इमारत मुळात खलाशांच्या मुक्कामासाठी बांधलेली. रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम हे तिचं नाव, आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा. 1928 पासून तिथे विधिमंडळ भरू लागलं. नरिमन पॉइंटला नवं विधान भवन झाल्यावर तिथे पोलीस आले. एकेकाळी गाण्याच्या मैफली आणि राजकीय सभा होत त्या सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये 1996 पासून आधुनिक कलेचं राष्ट्रीय दालन आहे. यातल्या पहिल्या दोन बदलांना कुणी ‘संवर्धन’ म्हटलं नव्हतं. सरकारला जागा हवी होती, जागा होती, वापरली. आत प्लायवूडचे आडोसे उभे राहिले, कमानीत एसी बसले, व्हरांड्यात लोखंडी कपाटं आली. दिसायला वाईटच. पण छत जागेवर आहे आणि पावसाळ्यात कुठे गळतं ते पहिल्याच दिवशी कुणाला तरी कळतं.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपेक्षा मोठं उदाहरण शोधायची गरज नाही. 1878 ते 1888 अशी दहा वर्षं ते बांधकाम चाललं. आराखडा स्टीव्हन्सचा, पण जागेवर काम करून घेणाऱ्यांत सहायक अभियंता सीताराम खंडेराव होते, आणि खांबांच्या माथ्यांवरची पानं, मोर, माकडं, मुंगूस हे सगळं जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. 2004 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हटलं. त्या मानामागे नक्षी आहे, घुमट आहे, तशी एक साधी गोष्टही आहे. ज्या कामासाठी ती बांधली तेच काम ती आजही करते. समोरच्या भागात मध्य रेल्वेची कचेरी, पलीकडे अठरा फलाट. सकाळी साडेनऊला जी माणसं या इमारतीच्या पोटातून बाहेर पडतात त्यांच्यापैकी फार थोडी वर मान करून बघतात, आणि त्यात मला काही वाईट वाटत नाही. बघायला वेळ नसलेल्या लाखो माणसांच्या ये-जा करण्यामुळेच तिथे झाडू फिरतो, दिवे लागतात, तुटलेली फरशी बदलली जाते.

तरीही 2018 मध्ये रेल्वे मंत्रालयाने ही कचेरी दुसरीकडे हलवून इमारतीचं संग्रहालय करावं असा विचार पुढे आणला होता. कर्मचाऱ्यांनी विरोध केला. त्यांच्या विरोधामागे जागेची, सोयीची, सवयीची कारणं असतील, पण वारशाच्या दृष्टीनेही त्यांचंच म्हणणं बरोबर होतं. दिवसाकाठी काही शे पर्यटक बघून जातील अशा वास्तूला सरकारी अनुदानावर जगावं लागतं, आणि अनुदान ही दर मार्चला कापता येणारी गोष्ट आहे. संग्रहालयांना माझा विरोध नाही. राणीच्या बागेशेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 मध्ये संग्रहालय म्हणूनच उघडलं. पालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून त्याचा जीर्णोद्धार केला तो इतका नेटका की 2005 मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ते त्याचं मूळ काम आहे म्हणून शोभतं. दुसरं काही सुचत नाही म्हणून केलेलं संग्रहालय ही कुलूप लावण्याची सभ्य रीत आहे.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, तो लवकर उरकतो. ही सगळी साहेबाने बांधलेली गुलामीची चिन्हं, ती जपायची कशाला? पैसा कुणाचा होता ते बघावं. 1864 मध्ये कापसाच्या तेजीत प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आपल्या आईचं नाव ठेवायला सांगितलं. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि प्रेमचंदही कोसळले. राजाबाई टॉवर उभा राहिला. विद्यापीठाचं सभागृह कावसजी जहांगीर यांच्या देणगीतलं, काळ्या घोड्यासमोरचं ग्रंथालय डेव्हिड ससून यांच्या. दगड कुर्ल्या-मालाडच्या खाणीतला आणि पोरबंदरचा, तो वाहणारे हात कामाठ्यांचे. हुकूम साहेबाचा होता हे खरं, पण हुकमाने भिंत उभी राहत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो माझ्याच म्हणण्याच्या मुळाशी जातो. वापराने इमारत टिकते म्हणता, मग वॉटसन्स हॉटेलचं काय झालं?

काळ्या घोड्याजवळची ही इमारत, आजची एस्प्लनेड मॅन्शन. 1860 च्या दशकात तिचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला गेला, सुटे भाग जहाजाने इथे आले आणि जोडले गेले. बहुमजली लोखंडी चौकटीच्या ज्या अगदी सुरुवातीच्या इमारती जगात अजून उभ्या आहेत त्यातली ही एक. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईने पहिल्यांदा पाहिली ती इथे. मार्क ट्वेन त्याच वर्षी इथे उतरला होता. (जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ‘ताज’ बांधलं ही गोष्ट सगळे सांगतात, पुरावा कुणी दाखवत नाही.) हॉटेल बंद झालं, मग खोल्यांची बिऱ्हाडं आणि कचेऱ्या झाल्या. पलीकडेच न्यायालयं असल्यामुळे वकिलांनी तिथे बस्तान बसवलं. म्हणजे ही इमारत कधी ओस पडली नाही. उलट खचाखच भरलेली होती. तरी 2005 मध्ये तिच्या गॅलरीचा भाग कोसळला, आणि 2019 मध्ये सगळ्यांना बाहेर काढावं लागलं. आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली. संवर्धनाचं काम करणाऱ्या वास्तुविशारदांनी ती वाचवता येते असं म्हटलं आणि वाद न्यायालयात गेला. वारसा यादीत तिची श्रेणी दोन-अ आहे. त्या श्रेणीने तिला पाडण्यापासून रोखलं असेल, पण पडण्यापासून रोखण्याची ताकद श्रेणीत नसते.

वॉटसन्समध्ये छत गळल्यावर ज्यांचं काम अडतं अशी माणसं भरपूर होती. पैसा आणि अधिकार मात्र त्यांच्याशी जोडलेला नव्हता. आणि ही एका इमारतीची गोष्ट नाही. दक्षिण मुंबईतल्या हजारो जुन्या इमारतींची हीच गोष्ट आहे, आणि तिचं मूळ 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. युद्धाच्या काळात घरटंचाई भयंकर होती, भाडेकरूला रस्त्यावर यावं लागू नये म्हणून भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. त्या वेळी ते आवश्यकच होतं. पण गोठवलेलं भाडं वितळायला अर्धं शतक लागलं. 1999 च्या नव्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली, तीही त्याच जुन्या रकमेवर. महिना शे-दोनशे रुपये भाडं देणारं बिऱ्हाड आणि ते गोळा करून जिन्याचा एक कठडाही बदलता येणार नाही असा मालक, अशी जोडी तयार झाली. मालक म्हणतो, दुरुस्ती कशाला करू, पडली तर निदान जमीन मोकळी होईल. भाडेकरू म्हणतो, पागडी भरून घेतलेली जागा आहे, दुरुस्तीच्या नावाखाली बाहेर पडलो तर परत येईन याची खात्री काय? म्हाडा उपकर घेते आणि टेकू लावते. तिघांचंही वागणं आपापल्या जागी शहाणपणाचं आहे. म्हणून तर ते बदलत नाही.

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वरकडे पावसाळ्यात एक चक्कर मारली तर हा अर्थव्यवहार डोळ्यांना दिसतो. लाकडी गॅलऱ्यांना लोखंडी टेकू, त्या टेकूंवर वाळत घातलेले कपडे, आणि दाराशी ‘इमारत धोकादायक आहे’ अशी पालिकेची पाटी. रंगरूप अजून असं की परदेशी पाहुणा कॅमेरा बाहेर काढतो. आत राहणाऱ्या आजीला विचारलं तर तिला चाळीस मजली टॉवरमधला ब्लॉक हवा आहे, लिफ्टसकट. तिला वारशाचं महत्त्व पटवायला जाणाऱ्याने आधी तिच्या चौथ्या मजल्यापर्यंत पाण्याची बादली नेऊन दाखवावी.

मुंबईचे वारसा नियम 1995 मध्ये आले, देशातले असे पहिलेच. सहाशेहून अधिक नोंदींची यादी झाली, समिती झाली. यामुळे खूप काही वाचलं, हे निःसंशय. तो नियम नसता तर दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या अखंड कमानींच्या जागी आज काचेची तावदानं असती. पण यादीचा गाभा मनाई हा आहे: पाडू नका, उंची वाढवू नका, दर्शनी भागाला हात लावू नका. कुणाच्या खर्चाने सांभाळायचं, हे ती सांगत नाही. भरपाई म्हणून हस्तांतरणीय विकास हक्काची तरतूद ठेवली. म्हणजे इथे जे बांधता येणार नाही तेवढं चटईक्षेत्र दुसऱ्या ठिकाणच्या बिल्डरला विकायचं. कल्पना चांगली आहे. पण तो हक्क विकून आलेला पैसा त्याच इमारतीच्या छतावर खर्च झाला की नाही हे वर्षानुवर्षं तपासत राहणारी यंत्रणा उभी राहिली नाही, तर भरपाई मालकाच्या खिशात आणि गळती भाडेकरूच्या ताटात असंच होणार.

यादीची लोकांना किती धास्ती वाटते हे 2012 मध्ये दिसलं. नव्या प्रस्तावित यादीत शिवाजी पार्कच्या आसपासच्या इमारतींची नावं आली तेव्हा तिथल्या रहिवाशांनीच जोरात विरोध केला. हे लोक अडाणी नव्हते. मैदानाभोवतीच्या त्या बुटक्या, गोल गॅलऱ्यांच्या इमारतींवर त्यांचं प्रेमही होतं. पण ‘हेरिटेज’ म्हणजे खिडकी बदलायला तीन कचेऱ्यांच्या पायऱ्या, आणि पुनर्विकासाला कायमचा अडसर, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांना सन्मानपत्र मिळत होतं आणि बिलही त्यांच्याच नावाने येत होतं. उलट उदाहरण चर्नी रोडजवळच्या रॉयल ऑपेरा हाउसचं. 1911 मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेलं, बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर यांच्या नाटकांनी गाजलेलं हे थिएटर 1990 च्या दशकात बंद पडलं आणि वीसेक वर्षं धूळ खात राहिलं. मालकी गोंडलच्या राजघराण्याची, एकहाती. त्यांनी संवर्धन-वास्तुविशारद नेमला, पैसा घातला, आणि 2016 मध्ये पडदा पुन्हा उघडला. मालक एक, हेतू एक, आणि इमारत पुन्हा तिच्याच धंद्याला लागली. शंभर बिऱ्हाडांच्या आणि सात वारसदारांच्या इमारतीला हा मार्ग मोकळा नाही, म्हणून तिथे सार्वजनिक पैसा यायलाच हवा. माझ्या मते यादीतल्या इमारतींचा मालमत्ता कर माफ करून ती रक्कम दुरुस्तीच्या वेगळ्या खात्यात टाकणं बंधनकारक करावं, आणि त्या खात्यावर मालकाबरोबर भाडेकरूंच्या प्रतिनिधीची सही असावी. यात महसूल बुडेल. जगप्रसिद्ध शहराची शोभा फुकट मिळत नाही.

आता उच्च न्यायालयाच्या त्या मधल्या न्यायदालनाकडे वळतो, जिथे जुलै 1908 मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीने दोषी ठरवल्यावर मनुष्याच्या न्यायासनावरच्या थोर शक्तीबद्दल ते जे बोलले, ते शब्द आज तिथल्या संगमरवरी पाटीवर आहेत. शिक्षा झाली सहा वर्षांची. त्यावर गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस. ज्या दालनात शिक्षा झाली ती वास्तू जागतिक वारसा आहे. 2018 मध्ये ओव्हलच्या पूर्वेकडच्या गॉथिक आणि पश्चिमेकडच्या आर्ट डेको अशा 94 इमारतींना मिळून तो मान मिळाला. ज्या गिरण्यांतून आणि चाळींतून ते कामगार बाहेर पडले त्यांतल्या किती उभ्या आहेत?

गिरणगावाची हकिगत माहितीची आहे. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि तो संप कुणी अधिकृतपणे मागे न घेताच विझला. पुढे सुमारे 600 एकर जमिनीचा प्रश्न उरला. 1991 चा नियम सांगत होता की गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेला मालकाला. 2001 मध्ये दुरुस्ती झाली की ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. वाटणीतून जमीन निसटली ती निसटली, आणि त्याबरोबर गिरण्यांच्या शेडी, बॉयलर, सागवानी तुळया सगळं भंगारात गेलं. फिनिक्स मिलमध्ये मॉल झाला, चिमणी शोभेला ठेवली. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं पालिकेने ठरवलं, आणि ते काम वर्षानुवर्षं रेंगाळत राहिलं. मुंबई ज्या धंद्यावर मोठी झाली त्या धंद्याची एकही चालती गिरणी, अगदी दोन-चार मागांचीसुद्धा, आपण शाळेच्या मुलांना दाखवू शकत नाही.

चाळींचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तिथे माणसं राहतात. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) 207 चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. तळमजला अधिक तीन, एका चाळीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. शिवडीच्या 12 सोडून उरलेल्या 195 चाळींचा पुनर्विकास म्हाडा करत आहे. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षं सामायिक संडासासमोर रांग लावलेल्या कुटुंबांच्या या आनंदात कुणीही वारशाचं विरजण घालू नये. चाळसंस्कृतीच्या गोड आठवणी बहुधा चाळ सोडून गेलेल्यांच्याच असतात.

पण 195 पैकी 195 पाडायलाच हव्यात का? डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1912 पासून राजगृह होईपर्यंतची बावीसेक वर्षं परळच्या बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या) चाळीत राहिले. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती 1893 मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत बसला. या शहरातल्या मराठी माणसाचं राजकारण, नाटक, संप, भजनी मंडळ, क्रिकेट हे सगळं ज्या लांबलचक गॅलरीत वाढलं, त्या गॅलरीला वास्तू म्हणून किंमत आहे. मी दोन-तीन बीडीडी चाळी ठेवीन, आणि त्यात मेणाचे पुतळे आणि पितळी हंडे मांडणार नाही. दोन खोल्यांची एक करा, संडास आत घ्या, लिफ्ट मागच्या बाजूने लावा, आणि त्या भाड्याने द्या. कुणाला? टाटा आणि केईएम रुग्णालयांसमोर गावाहून आलेले नातेवाईक पदपथावर ताडपत्री टाकून झोपतात. नायगाव आणि डिलाईल रोड तिथून फार लांब नाहीत. बीडीडी चाळ बांधलीच होती गावाहून आलेल्या माणसाला डोकं टेकायला. तिला तिचंच काम परत मिळेल.

राहता राहिली कारागिरी. इथे आपली अवस्था बिकट आहे, म्हणून थोडं सविस्तर. जुनी दगडी इमारत चुन्यात बांधलेली असते. चुना श्वास घेतो, भिंतीत शिरलेला ओलावा बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते आणि दगड आतून सुटू लागतो. दिसायला भिंत नवी कोरी, आत पोखरलेली. दुरुस्तीच्या नावाखाली गेल्या पन्नास वर्षांत सरकारी इमारतींत हेच झालं, आणि आता संवर्धनाचा बराच खर्च हे सिमेंट खरवडून काढण्यात जातो. आर्ट डेकोची तऱ्हा वेगळी. मरीन ड्राइव्हच्या इमारती 1930-40 च्या दशकांतल्या, सिमेंट काँक्रीटच्या, समोर समुद्र. खारं वारं आत शिरतं, सळई गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की बाहेरचं काँक्रीट खपलीसारखं सुटतं. वक्र गॅलरीचा तो देखणा तुकडा एक दिवस खाली येतो. दगडाच्या तुलनेत काँक्रीटचं आयुष्य कमी, त्यामुळे जागतिक वारशाची पश्चिमेकडची रांग पूर्वेकडच्या रांगेच्या आधी थकणार आहे. हे फलक लावून थांबवता येत नाही.

अशा कामाला चुना मळणारा, दगड घडवणारा, रंगीत काच शिशाच्या पट्टीत बसवणारा माणूस लागतो. राजाबाई टॉवरचं काम 2015 मध्ये झालं तेव्हा तिथल्या रंगीत काचा एकेक करून उतरवून, साफ करून, परत बसवाव्या लागल्या. ते काम चांगलं झालं कारण देणगीदार होता आणि जाणकारांच्या हाती होतं. सरकारी कामात मात्र सगळ्यात कमी दराची निविदा जिंकते. रस्ता खणणारा आणि नाला साफ करणारा ठेकेदार उद्या पुरातन पायऱ्यांचंही काम घेऊ शकतो. जून 2024 मध्ये वाळकेश्वरच्या बाणगंगेत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. सुशोभीकरणाच्या कामात यंत्रच तलावाच्या पायऱ्यांवर उतरवलं आणि दगड फुटले. गुन्हा दाखल झाला, सगळीकडून संताप व्यक्त झाला. संताप योग्यच होता, पण तो यंत्र चालवणाऱ्यावर निघाला. त्याच्या हाती ते काम ज्या पद्धतीने गेलं ती पद्धत तशीच आहे.

सर जे. जे. कला महाविद्यालय 1857 पासून चालू आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, महात्मा फुले मंडई आणि पालिकेचं मुख्यालय त्याच्या दारापासून चालत दहा मिनिटांच्या आत आहेत. ज्या संस्थेच्या मुलांनी टर्मिनसची नक्षी कोरली तिथल्या आजच्या मुलांना त्याच नक्षीच्या दुरुस्तीवर उमेदवारी करता यावी, परांची बांधली की तीच शाळा, यात अशक्य काय आहे? आयटीआयमध्ये वायरमन आणि फिटर तयार होतात, तसे चुनेवाले आणि पाथरवटही तयार होतील. त्यांना पुढे काम मिळेल की नाही हा प्रश्न खरा आहे, कारण कमी दराच्या शर्यतीत कुशल हात नेहमी महाग ठरतो. म्हणून यादीतल्या वास्तूंच्या निविदेतून कमी दराची अट काढून टाकावी, आणि तिच्या जागी चुन्यात आणि दगडात काम केलेले कारागीर ठेकेदाराकडे प्रत्यक्ष कामावर असल्याची अट घालावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, पालिका आयुक्तांची सही पुरते.